आत येणारं पाणी

शहाड सोडून लोकल आंबिवलीकडे निघाली की उल्हास नदीचा पूल लागतो. दारात उभे असलेले प्रवासी इथे हमखास बाहेर डोकावतात. पावसाळ्यात पाणी कुठवर चढलंय ते बघायला, फेब्रुवारीनंतर जलपर्णी किती पसरलीय ते बघायला. 26 जुलै 2005 चा पूर ज्यांनी अंगावर काढलाय, त्यांना तर न बघून चालतच नाही. मी शहाडची राहणारी आणि नोकरी करते ती कल्याण परिसरातल्या एका मलप्रक्रिया केंद्राच्या प्रयोगशाळेत. लोकांच्या घरातून निघालेलं सांडपाणी आमच्याकडे येतं. ते स्वच्छ करून पुढे सोडायचं काम केंद्राचं, आणि ते खरोखर स्वच्छ झालंय का हे तपासून लिहून ठेवायचं काम माझं. या नोकरीने माझ्या मनात एक गोष्ट पक्की केली आहे. नदीचं बरंवाईट आमच्या कुंपणाच्या आत जितकं ठरतं, त्याहून जास्त ते कुंपणाबाहेर, गल्लीबोळातल्या चेंबरांमध्ये ठरतं.

आधी ही जागा समजून घ्यायला हवी. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, बदलापूर करत आमच्यापर्यंत येते. वाटेत भिवपुरीला वीज बनवून झालेलं आंध्र धरणाचं पाणी तिला मिळतं, पुढे बारवी धरणाचं मिळतं. त्यातून एमआयडीसी जांभूळला पाणी उचलते. मग शहाडला स्टेम प्राधिकरण उचलतं, ज्याच्यावर ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर आणि कितीतरी गावं अवलंबून आहेत. जवळच मोहिलीला कल्याण-डोंबिवली महापालिकेचं उदंचन केंद्र आहे. आणि याच पट्ट्यात उल्हासनगरचा खेमाणी नाला, मोहने आणि गाळेगावचे नाले, म्हारळ, वरप, कांबा इथल्या वाढत्या वस्त्यांचं सांडपाणी नदीत उतरत आलं आहे. पाणी घेण्याची जागा आणि सोडण्याची जागा एकमेकींना खेटून. इतर शहरांमध्ये घाण खाली वाहून जाते आणि ती कुणातरी दुसऱ्याची होते. इथे आपलीच होते.

कायदे नव्हते असं नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा 1969 मध्ये केला आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं केलं. देशाचा कायदा त्यानंतर, 1974 मध्ये आला. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या अवस्थेबद्दल वनशक्ती या संस्थेने 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने मोठा दंड ठोठावला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नाले अडवून त्यांचं पाणी पंपाने प्रक्रिया केंद्राकडे वळवायच्या योजनांना खरी गती आली ती या रेट्यामुळे. कार्यकर्ते जलपर्णीने भरलेल्या पात्रात उतरून बसले, तेव्हाही थोडं हललं. या लोकांचे उपकार मी मनापासून मानते. त्यांनी बाहेरून दार वाजवत ठेवलं नसतं, तर आतल्या आम्हा लोकांचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नसतं.

आता कुंपणाच्या आत काय चालतं ते.

सांडपाणी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. हजार भागांत एखादाच भाग घाण असेल, पण तेवढी घाण नदीचा श्वास कोंडायला पुरेशी असते. माणशी रोज 135 लिटर पाणी द्यायचं आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येणार, हे आपल्याकडचं नियोजनाचं ठरलेलं गणित. म्हणजे माणशी 108 लिटर. लाखभर वस्तीच्या गावातून रोज एक कोटी लिटरच्या वर. हे पाणी दिवसभर सारखं येत नाही. गावात नळाला पाणी सुटलं की काही वेळाने आमच्याकडे लोंढा सुरू होतो, दुपारी ओसरतो, रात्री पुन्हा चढतो. पाणीकपातीच्या दिवशी येतं ते थोडं आणि दाट. रविवारी सकाळचा लोंढा उशिरा येतो. धुळवडीला रंग येतो. दिवाळीच्या आधी तेलाचा तवंग वाढतो. इनलेटवर, म्हणजे पाणी आत येतं तिथे, उभं राहिलं की गावाचं पंचांग कळतं.

पहिली असते जाळी. आधी मोठी, दोन सेंटीमीटर फटींची, मग बारीक, सहा मिलिमीटरची. जाळीवर काय अडकतं ते एकदा सगळ्यांनी येऊन बघावं असं मला फार वाटतं. शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, केसांचे गुंते, साडीच्या चिंध्या, भाताची शितं, निर्माल्याची पिशवी तशीच गाठ मारलेली, लहान मुलांचे डायपर आणि ढीगभर सॅनिटरी पॅड. पॅड फुगतं, पंपाच्या पात्यात जाऊन बसतं आणि पंप जळतो. पंप जळला की तो बदलेपर्यंत त्या पंपिंग स्टेशनचं सगळं पाणी नाल्यात जातं, दुसरी वाटच नसते. आमच्याकडे जाळी साफ करणाऱ्या मावशी आहेत. त्या मला एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या सोसायट्यांत जाऊन बायकांशी बोला. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील." मी तेव्हापासून जाते. हळदीकुंकवाला, भिशीला, महिला दिनाला, जिथे बोलावतील तिथे. पॅड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात वेगळं द्यायचं, एवढंच सांगते. तसं बघितलं तर नदी वाचवण्याचं सर्वात स्वस्त काम हेच असेल.

जाळीनंतर वाळू, खडी खाली बसवायची आणि मग पाणी मोठ्या टाक्यांत घ्यायचं. आमची पद्धत एसबीआर. एकाच टाकीत पाणी भरायचं, तळातून हवा सोडायची, मग हवा बंद करून गाळ बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. काही तासांचं एक चक्र, की पुन्हा पहिल्यापासून. सगळं काम जिवाणू करतात. आपण फक्त त्यांना हवा पुरवायची आणि त्यांच्या जिवावर उठणारं काही आत येऊ द्यायचं नाही. आधीच्या घाणीवर पोसलेला हा तपकिरी गाळ सगळा टाकायचा नसतो, दह्यासाठी विरजण राखून ठेवतात तसा थोडा मागे ठेवायचा. या साध्या गोष्टीचा शोध मँचेस्टरमध्ये लागला. डेव्हीह्यूमच्या केंद्रावर आर्डर्न आणि लॉकेट हे दोघे बाटल्यांमधल्या सांडपाण्यात हवा सोडून बघत होते. पहिल्यांदा पाणी पुरतं शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. दरवेळी तळाचा गाळ राखून त्यात नवीन सांडपाणी घालत गेले, तेव्हा तेच काम दिवसाच्या आत होऊ लागलं. 1914 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. शंभर वर्षं उलटून गेली, आणि कल्याणच्या खाडीकाठी आम्ही आजही तेच करतो.

माझा दिवस एक लिटरच्या नळकांड्याने सुरू होतो. टाकीतलं ढवळलेलं पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. आधी सगळं एकसारखं तपकिरी दिसतं. मिनिट-दोन मिनिटांत त्यात कण धरू लागतात, कणांचे पुंजके होतात, पुंजके एकमेकांना ओढत खाली सरकतात आणि वर पाण्याची एक नितळ पट्टी उघडते. अर्ध्या तासाने गाळ अडीचशे-तीनशेच्या रेघेवर बसला आणि वरच्या पाण्यातून पलीकडचा कागद वाचता आला, की मी निश्चिंत. गाळ आठशेवर अडकून राहिला तर काहीतरी बिनसलंय. मग एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली. देठावर उभे राहून तोंडाने पाणी ओढणारे व्होर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसले, अधूनमधून एखादा रोटिफर फिरताना दिसला, तर तब्येत उत्तम. नुसते तंतू माजलेले दिसले तर गाळ बसणार नाही, तरंगत बाहेर जाणार. नवीन मुलं कामाला येतात तेव्हा मी त्यांना आधी हेच दाखवते. आकडे नंतर.

आकड्यांमध्ये सगळ्यांच्या तोंडी असतो तो बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाईल त्याचं माप. इंग्लंडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही चाचणी पाच दिवसांची ठरवली. आपल्या उष्ण हवेत जिवाणू भराभर काम करतात म्हणून भारतीय मानकात ती 27 अंशांवर तीन दिवसांची आहे. अडचण अशी की, उत्तर हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच खाडीत गेलेलं असतं. सोमवारी काय सोडलं ते गुरुवारी कळतं. सीओडीची, म्हणजे घाण रसायनाने जाळून मोजायची, चाचणी काही तासांत होते, तिच्यावरून अंदाज बांधता येतो. पण प्लँट खरा चालतो तो नळकांड्यावर, नाकावर आणि डोळ्यांवर. आमचे जुने ऑपरेटर काका मुरबाडकडचे, शिक्षण जेमतेम. टाकीच्या कठड्याला टेकून फेसाचा रंग बघतात आणि सांगतात, "मॅडम, गाळ म्हातारा झालाय, थोडा काढायला हवा." मी मोजते, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

नियम काळानुसार कडक होत गेले, ते योग्यच झालं. आधी बीओडी लिटरमागे 30 मिलिग्रॅमपर्यंत चालायचा. 2017 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने महानगरांना 20 आणि बाकीच्यांना 30 अशी मर्यादा घातली. एप्रिल 2019 मध्ये हरित लवादाने बीओडी 10 पर्यंत आणायला सांगितलं, सोबत नायट्रोजन 10 आणि फॉस्फरस 1 ची मर्यादा. बीओडी 30 वरून 10 वर आणणं म्हणजे आणखी हवा, आणखी वीज. आत्ताच विजेच्या बिलाचा निम्म्याहून जास्त वाटा हवा सोडणारे ब्लोअर खातात. नगरपालिका, महापालिका केंद्र बांधायला अनुदान मिळवतात, पण पुढची वीस-पंचवीस वर्षं ते चालवण्याच्या खर्चाची तरतूद करताना हात आखडता घेतात. उद्घाटनाला मंडप पडतो. बेअरिंग बदलायची फाइल मात्र महिनोन् महिने टेबलावर राहते. हे बदलायला हवं, आणि ते बदलायला कोणतंही नवीन तंत्रज्ञान लागत नाही.

एका हिवाळ्यातली रात्र मला नीट आठवते. शिफ्टवरच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, टाकीतला ऑक्सिजन वाढलाय. ब्लोअर तर तेवढेच चालू आहेत." ऐकणाऱ्याला वाटेल, ऑक्सिजन वाढला तर चांगलंच आहे की. पण हवा तेवढीच असताना पाण्यातला ऑक्सिजन अचानक चढला याचा अर्थ तो खाणारे खात नाहीत. मी पोहोचले तेव्हा इनलेटला तिखट वास होता, डोळे चुरचुरत होते, पाण्यावर पांढरट फेस. कुणीतरी कुठल्यातरी मेनहोलात टँकर रिकामा केला होता. कुणी ते कधीच सापडलं नाही. पहाटे नळकांडं भरून बघितलं तर गाळ बसतच नव्हता, वरचं पाणी दुधी. सूक्ष्मदर्शकाखाली एकही व्होर्टिसेला हलत नव्हता. पुढचे काही आठवडे आम्ही मेलेला गाळ काढत होतो, दुसऱ्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणत होतो, त्याला गूळ आणि शेणकाला घालून वाढवत होतो. तेवढे आठवडे गावाचं सांडपाणी अर्धवट प्रक्रियेनेच पुढे गेलं. एका टँकरवाल्याने वाचवलेल्या चार पैशांची किंमत ही.

वालधुनीकाठच्या लोकांना हे नवीन नाही. काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी ही नदी अंबरनाथच्या हजारेक वर्षं जुन्या शिवमंदिराला लागून वाहते, पुढे उल्हासनगर आणि कल्याणमधून खाडीला मिळते. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरला तिच्यात टँकरने रसायन सोडलं गेलं आणि वायू पसरून शेकडो माणसं रुग्णालयात गेली. माणसं गुदमरली म्हणून ती बातमी झाली. टाकीतले जिवाणू गुदमरतात त्याची बातमी होत नाही, पण त्यांच्या मरणाचे भोग शेवटी नदीच्या वाट्याला येतात.

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय त्या गोष्टीकडे येते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2021 मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार देशातल्या शहरांत रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. प्रक्रिया केंद्रं उभी होती 31,841 दशलक्ष लिटरची. आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती 20,236 वर. पहिल्या दोन आकड्यांमधली दरी सगळ्यांना दिसते, म्हणून नवी केंद्रं बांधा अशी मागणी होते. मला दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातली दरी जास्त सलते. केंद्र बांधलंय, ब्लोअर बसवलेत, माणसं नेमलीत, आणि पाणीच पोहोचत नाही. काही ठिकाणी यंत्रं बंद असतात हे खरं. पण पुष्कळदा गावाची घाण केंद्राच्या वाटेवर लागतच नाही, ती जवळच्या नाल्यात उतरते.

हे मला कागदावरून नाही कळलं. आमच्याकडे येणारं पाणी फार पातळ होतं. घरगुती सांडपाण्याचा बीओडी दीडशे ते तीनशेच्या दरम्यान असायला हवा. आमचा इनलेट कित्येकदा शंभराच्याही खाली. वरचे अधिकारी खूश, कारण पातळ पाणी स्वच्छ करणं सोपं आणि आऊटलेटचे आकडे सुंदर येतात. मला मात्र चैन पडत नव्हतं. गावातली माणसं वाढतायत, मग मैला जातो कुठे? नाल्याचं आणि जमिनीतून झिरपणारं पाणी आपण साफ करत बसलोय, आणि खरं सांडपाणी भलतीकडेच चाललंय, असा याचा अर्थ होता. महापालिकेच्या कनिष्ठ अभियंत्यांना हे पटलं आणि घरजोडण्या तपासायच्या मोहिमेत त्यांनी मला सोबत घेतलं.

तपासायची रीत सोपी आहे. घरातल्या संडासात हिरवा रंग टाकायचा, दोन बादल्या पाणी ओतायचं आणि रस्त्यातल्या मलवाहिनीच्या चेंबरवर एकाने, नाल्याच्या कडेला दुसऱ्याने थांबायचं. एका चाळीत मी नाल्याकडे उभी होते. चेंबरवरचा मुलगा ओरडून सांगत होता, "मॅडम, इथे काहीच नाही." आणि माझ्यासमोर भिंतीतल्या चार इंची पाइपातून पोपटी हिरवी धार नाल्यात पडत होती. त्या चाळीसमोरच्या रस्त्यात मलवाहिनी टाकून बरीच वर्षं झाली होती. रस्ता खणला, पाइप घातला, रस्ता बुजवला, बिल निघालं. चाळीपासून त्या पाइपापर्यंतचं हातभर अंतर कुणी जोडलंच नव्हतं, कारण ते कंत्राटात नव्हतं आणि चाळकऱ्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिथल्या एका मावशींना हे आवडलं नाही. "आम्ही घाण नाल्यात सोडत नाही हो, आमची टाकी आहे," त्या म्हणाल्या. टाकी होतीच. मी विचारलं, "मावशी, शेवटची कधी उपसली?" त्यांनी सासूबाईंना विचारलं, सासूबाईंनी शेजारच्या काकांना विचारलं. चाळ बांधली तेव्हापासून कुणालाच आठवेना. सेप्टिक टँक दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. भरली की ती असून नसल्यासारखी. वरून आलेला मैला जसाच्या तसा पुढे ढकलते. त्या मावशी काही खोटं बोलत नव्हत्या. त्यांना वाटत होतं की टाकी आहे म्हणजे प्रश्न मिटला. आपल्या अर्ध्या शहरांचा प्रश्न हाच आहे.

बाकीची कारणं एकेक करत समोर आली. काही घरं रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, त्यांचं पाणी चढ चढून वाहिनीत कसं जाणार? तिथे छोटा पंप हवा आणि पंपाला कुणाच्या तरी नावाचा मीटर हवा. काही ठिकाणी पावसाळी गटार आणि मलवाहिनी एकमेकींत घुसवलेल्या, त्यामुळे जूनमध्ये प्लँटला पूर येतो आणि मेमध्ये गटाराला मैला. काही सोसायट्यांचं स्वतःचं छोटं प्रक्रिया केंद्र आहे, बिल्डरने दिलेलं. विजेचं बिल बघून कमिटीने ते बंद ठेवलंय. आणि जोडणीसाठी पैसे कोण भरणार, हा प्रश्न प्रत्येक दारात. माझं मत स्पष्ट आहे. नळजोडणीच्या वेळीच मलजोडणी बंधनकारक हवी आणि चाळी-वस्त्यांसाठी ती फुकट हवी. करोडोंचं केंद्र रिकामं चालवण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडेल.

मग नाला थेट तोंडाशी अडवून पंपाने केंद्राकडे नेला तर? तसं करावंच लागतं आणि शहाडसारख्या ठिकाणी, जिथे शेजारीच पिण्याचं पाणी उचललं जातं, ते पहिल्या दिवशीच करायला हवं. पण ते तातडीचं औषध आहे. पाऊस आला की नाला अडवणाऱ्या फळ्या उघडाव्याच लागतात, नाहीतर वस्तीत पाणी शिरेल. आणि फळ्या उघडल्या की आठ महिने नाल्यात साठलेली घाण दोन दिवसांत नदीत जाते. त्यामुळे नाला अडवल्याचं समाधान मानून घरजोडण्यांचं काम मागे टाकलं, तर नदीला फार काही मिळत नाही.

जलपर्णीचंही तसंच आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिला संथ पाणी लागतं, ते नदीवरच्या बंधाऱ्यामुळे मिळतं. तिला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतं, ते आपण संडास, मोरी आणि कपड्यांच्या साबणातून पुरवतो. दरवर्षी यंत्र लावून ती काढली जाते, आणि काढायलाच हवी, नाहीतर खालच्या पाण्यात ऊन आणि हवा पोहोचत नाही. मात्र काढलेल्या ढिगाऱ्यातलं फॉस्फरस आणि पुन्हा नाल्यातून येणारं फॉस्फरस यांत दुसऱ्याचा वेग कायम जास्त असतो. म्हणून 2019 मध्ये फॉस्फरसची मर्यादा आली तेव्हा मला फार बरं वाटलं. उल्हासच्या या पट्ट्यात बीओडीइतकंच त्याला महत्त्व आहे.

चेंबरांबद्दल एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. तुंबलेल्या चेंबरमध्ये सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. त्यात मृत्यू झाल्यास भरपाई 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाख ठरवली होती, 2023 मध्ये ती तीस लाख केली. तरीही "जरा उतरून बघतो, दोन मिनिटांचं काम" हे वाक्य मी कानांनी ऐकलंय. कुजक्या अंड्यांचा वास येणारा वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं आता धोका नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याणला नेतिवलीत विहिरीत उतरलेल्या माणसाला काढायला एकामागून एक उतरत गेले आणि पाच जण गेले. त्यांत अग्निशमन दलाचे दोन जवान होते. आमच्याकडे कुणीही, कितीही घाई असली तरी, वायू मोजल्याशिवाय झाकणावर वाकतसुद्धा नाही. हा नियम मोडणाऱ्याशी मी भांडते, तो साहेब असला तरी.

ती हिरव्या धारेची चाळ पुढच्या उन्हाळ्यात जोडली गेली. अंतर थोडकं, पण रस्ता खणायची परवानगी, गॅसची पाइपलाइन, केबल आणि पावसाळ्याआधीची मुदत यांत बरेच महिने गेले. तिच्यामागोमाग त्याच नाल्यावरच्या आणखी गल्ल्या जोडल्या. मावशींनी स्वतः शेजारच्या चाळीत फिरून लोकांना तयार केलं. आणि मग आमच्या इनलेटचा बीओडी चढू लागला. शंभराच्या खाली असायचा तो दीडशेकडे गेला. अमोनियाही वाढला. पहिल्या महिन्याचा अहवाल बघून वरिष्ठांचा फोन आला, "आत येणारं पाणी एवढं खराब का झालंय? काही बिघाड आहे का?" मी त्यांना सांगितलं, साहेब, पाणी खराब झालेलं नाही, खरं पाणी आता आपल्यापर्यंत यायला लागलंय. त्याला जास्त हवा लागेल, एक ब्लोअर जास्त वेळ चालवावा लागेल आणि तेवढं बिल वाढेल. त्यांनी मंजुरी दिली. आऊटलेटचा आकडा थोडे दिवस वर-खाली होऊन पुन्हा दहाच्या आत बसला. आता नाल्याच्या पलीकडच्या काठावरची सखल घरं राहिली आहेत. त्यांच्यासाठी छोट्या पंपाचा प्रस्ताव गेलाय, पंपाचा वीजमीटर कुणाच्या नावावर घ्यायचा यावर बैठक ठरली आहे, आणि तोवर त्या घरांच्या टाक्या उपसून घेण्यासाठी गाडीची पाळी लावली आहे.